गोळा पोचेपर्यंत

मागच्या अंकात शेवटी मी सहज लिहून गेले की पुढच्या वेळी जहाजं आणि तोफांच्या गेम्सबद्दल बोलू, काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि मग जे काही आलं ते वाचून हसू की कपाळाला हात लावू असं झालं. म्हणून ठरवलं की नुसती डोक्यातनं उत्तरं द्यायची नाहीत, आठवडाभर रोज रात्री जेवणं आवरली की साडेनऊ ते अकरा तुमचेच प्रश्न घेऊन खेळायला बसायचं. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, गेम चालू झाला की त्याचा पंखा असा घोंघावतो की शेजारच्या काकूंना वाटतं मी रात्रीची चटणी वाटते. असो. सोमवारपासून सुरू.

प्रश्न : वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स खेळायला लागून तीन आठवडे झाले. वय ५२, हसू नका. माझे सगळे गोळे समोरच्या जहाजाच्या मागे पाण्यात पडतात. नेम अगदी जहाजावरच धरतो, तरी असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हसत नाही दादा, उलट दुखणं तुम्हीच बरोबर सांगितलंय. "नेम अगदी जहाजावरच धरतो." तिथंच चुकतंय. लहानपणी आबाधुबी खेळलाय ना? पळणाऱ्या पोराच्या पाठीत चेंडू बसवायचा तर पोरगं आत्ता आहे तिथं मारायचा नाही, दोन पावलं पुढं मारायचा. इथं पोरगंच दीडशे-दोनशे मीटर लांबीचं आहे आणि चेंडू पोचायला आठ-दहा सेकंद लागतात, एवढाच काय तो फरक. हिशोब बघा, जहाजाचा वेग ३० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर, दहा सेकंदांत दीडशे मीटर, म्हणजे क्रूझर (मधल्या आकाराचं लढाऊ जहाज) जवळपास अख्ख्या तिच्या लांबीएवढी पुढं सरकलेली असते. त्यात गेममधे जहाजं खऱ्यापेक्षा बरीच जोरात पळवलीयेत (नाहीतर एका लढाईला अख्खी दुपार गेली असती), त्यामुळे अजूनच पुढं धरावं लागतं. नेमाच्या खुणेशेजारी गोळा पोचायला किती सेकंद लागतील तो आकडा दिसतो, तो बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही एवढी सवय लावून घ्या.

सोमवारी मी हेच करून बघितलं. लिअँडर नावाची ब्रिटिश क्रूझर घेतली, टिअर ६ म्हणजे सहाव्या पायरीची, चार टरेट म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, प्रत्येकात दोन तोफा. साधारण अकरा किलोमीटरवर एक क्रूझर आडवी चाललेली. एकदा क्लिक केलं की एकच टरेट उडतं, दोनदा पटकन केलं की सगळी एकदम. मी एकदाच केलं. दोन गोळे गेले आणि तिच्या शेपटीमागे पाण्याचे दोन पांढरे खांब उभे राहिले, अगदी तुमच्यासारखेच. मग अर्धं जहाज पुढं घेतलं, परत एक टरेट, एक खांब अलीकडे, एक पलीकडे. बास, तिथं पटकन दोनदा दाबलं आणि उरलेल्या दोन टरेटच्या चार गोळ्यांतले तीन बसले. सगळेजण पहिल्याच फटक्यात सगळ्या तोफा रिकाम्या करतात आणि मग परत भरेपर्यंत हात चोळत बसतात. पहिला गोळा मारायसाठी नसतो हो, विचारायसाठी असतो.

खऱ्या आरमारातही असंच चालायचं. पहिली फैर कुठं पडली, जवळ की लांब, ते बघायचं, मग दोन्हीच्या मधे पकडत जायचं, आणि दोन्ही बाजूंना पाणी उडालं की पल्ला सापडला. एकाच जहाजावर तिघं मिळून गोळे टाकायला लागले की कुठला खांब कुणाचा तेच कळेना, म्हणून गोळ्यांत चक्क रंग भरायचे. २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या सामार बेटाजवळ जपानी गोळे छोट्या अमेरिकन जहाजांभोवती असे रंगीत पडत होते. चालत्या जहाजावर सगळ्यात लांबून बसलेल्या गोळ्यांत ब्रिटिशांच्या वॉरस्पाईटचं नाव घेतात, ९ जुलै १९४०, इटलीचं जुलिओ चेझारे, अंतर सुमारे २४ किलोमीटर. म्हणजे ठाण्यातून मारला आणि दादरच्याही पुढं जाऊन पडला. आपल्याकडे गोलंदाज म्हटलं की लाल चेंडू आठवतो, पण तो शब्द मुळात तोफेवरच्या माणसाचाच आहे.

प्रश्न : गोळे लागतात, स्क्रीनवर लागल्याचं दिसतं, पण डॅमेज शून्य. माझा मित्र म्हणतो फुकट खेळणाऱ्यांना गेम मुद्दाम हरवतो. खरंय का? – बारावीतला एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अरे गेम चिटिंग नाही करत, तू चुकीचा गोळा चुकीच्या अंगावर मारतोयस. रंकाळ्यावर चपटा दगड तिरका फेकलायस ना कधी, टप टप टप उड्या मारत जातो? एपी गोळ्याचं तेच होतं. एपी म्हणजे चिलखत फोडून आत जाऊन फुटणारा. तो चिलखतावर सरळ आदळला तर ठीक, पण ४५ अंशांपेक्षा तिरका आदळला की निसटायला लागतो आणि ६० च्या पुढं गेला की जवळपास हमखास निसटतो. म्हणून जाणते खेळाडू तुझ्याकडे कधी पूर्ण कूस करत नाहीत, नाक वळवून तिरके उभे राहतात. अशा वेळी एचई भर, तो आदळल्या आदळल्या फुटतो, आग लावतो, त्याला तिरकं-सरळ काही नाही.

आणि उलटही होतं. अवाढव्य बॅटलशिपमधनं एपी गोळा छोट्या, पातळ पत्र्याच्या डिस्ट्रॉयरवर मारलास तर पापडातून खिळा जावा तसा आरपार जातो, फुटायच्या आधीच पलीकडे समुद्रात. गोळ्याच्या पूर्ण डॅमेजचे १० टक्केच मिळतात. आत जाऊन नीट फुटला तर ३३ टक्के. आणि सिटाडेलमधे, म्हणजे इंजिन आणि दारूगोळ्याच्या कोठाराच्या पेटीत घुसला, तर पूर्ण. त्यामुळे दहा गोळे लागण्यापेक्षा एक बरोबर जागी लागणं परवडतं.

अजून एक भानगड आहे ती कुणी सांगत नाही. तोफेच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमधे घे, त्याला १४.३ ने भाग. समोरचं चिलखत त्या उत्तरापेक्षा पातळ असेल तर तो कितीही तिरका उभा राहू दे, गोळा आत जाणार म्हणजे जाणार. यामातो या जपानी बॅटलशिपच्या तोफा ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे ३२ मिलिमीटरपर्यंतचा पत्रा तिच्यासमोर कागद. त्या खऱ्या यामातोचा एक एपी गोळा १४६० किलोचा होता, तुमच्याकडच्या तीन चांगल्या म्हशींएवढा. मंगळवारी मी अशाच एका यामातोसमोर मोठ्या रुबाबात तिरकी उभी राहिले होते. फार वेळ नाही राहिले.

प्रश्न : ताई, मी खेळत नाही, आमचे हे खेळतात. जेवायला हाक मारली की "मधेच उठता येत नाही, शिक्षा होते" म्हणतात. हे खरं आहे का थाप? आणि यात पैसे किती जातात हो? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थाप नाही वहिनी, मीसुद्धा घरी हेच सांगते. बारा विरुद्ध बारा अशी टीम असते, जहाज जिवंत असताना मधेच निघून गेलं तर वारंवार असं करणाऱ्याला गेम खरंच शिक्षा लावतो. पण एक लढाई जास्तीत जास्त २० मिनिटं चालते, त्याच्या वर नाही. तेव्हा कुकरची पहिली शिट्टी झाली की सांगून ठेवायचं "ही शेवटची", आणि त्यानंतर पोळ्या गार झाल्या तर ती मात्र थाप. जहाज बुडाल्यावर उठायला शिक्षा नसते, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार.

पैशाचं म्हणाल तर गेम फुकटच आहे आणि फुकट खेळून वरपर्यंत जाता येतं, फक्त वेळ लागतो. पैसे जातात ते खास जहाजांत आणि त्या बंद पेट्यांत, ज्यात काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. दोन दिवाळ्यांमागं एका गेममधे मी अशा पेट्यांवर अठराशे रुपये घातले, मनात एक जहाज धरून, आणि निघालं काय तर जहाजावर चढवायचा रंग. चार प्रकारचे रंग. नवऱ्याला अजून आकडा माहीत नाही, हे मासिक तो वाचत नाही म्हणून लिहितेय. तर कार्डाचा नंबर गेममधे सेव्ह करून ठेवू देऊ नका, आणि हवंच असेल तर समोर दिसतंय ते जहाज थेट घ्यावं, पेटी नको.

बुधवारी मी खेळलेच नाही, सासूबाईंची एकादशी आणि वर साडेआठला लाईट गेले.

प्रश्न : आम्ही नाशिकला देवळालीच्या बाजूला राहतो, तोफखान्याचा सराव चालू असला की खिडकीच्या काचा थरथरतात. त्यामुळे हेल लेट लूज हा दुसऱ्या महायुद्धाचा गेम घेतल्यावर मी थेट तोफेवरच बसलो. पण समोर काहीच दिसत नाही, नुसती झाडं. न बघता मारायचं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वा, स्कूल ऑफ आर्टिलरीच्या शेजारी राहून हा प्रश्न, मजा आली. पण प्रश्न एकदम बरोबर आहे कारण जहाजावर निदान शत्रू दिसतो तरी, तोफेवर बसलं की दिसतो फक्त नकाशा आणि एक आकडा, मिल. मिल म्हणजे कोनाचं माप. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंशांऐवजी ६४०० भाग केलेत, म्हणून एक मिल बाजूला सरकलं की एक किलोमीटरवर साधारण एक मीटर सरकतं. तोफवाल्यांना हे फार सोयीचं पडतं, तोंडी हिशोब होतो.

आता गेममधलं. अमेरिकन आणि जर्मन तोफेला १०० मीटरला ९७८ मिल आणि १६०० मीटरला ६२२, मधे दर शंभर मीटरला जवळपास २४ कमी. आकडा कमी केला की गोळा लांब जातो, हे उलटं डोक्यात पक्कं बसवून घ्या, का ते पुढं सांगते. नकाशावरचा मोठा चौकोन २०० मीटरचा. शत्रूची खूण तुमच्या तोफेपासून तीन चौकोन उजवीकडे आणि चार वर असेल तर ६०० आणि ८००, शाळेतला पायथागोरस, तिरकं अंतर बरोबर १००० मीटर, मिल ७६४. झालं. (रशियन आणि ब्रिटिश तोफांचे तक्ते वेगळे आहेत, तिथं हे आकडे वापरू नका.)

एक तक्रार करून घेते. ६४०० चा आठवा भाग ८००, म्हणजे ४५ अंश, आणि आपण शाळेत शिकलो की हवेचा अडथळा सोडला तर ४५ अंशालाच पल्ला सगळ्यात जास्त. पण या गेममधे ८०० मिलला गोळा ८५० मीटरवरच पडतो आणि तोंड अजून खाली केलं की त्याच्या जवळपास दुप्पट लांब जातो. सोपं पडावं म्हणून तक्ता सरळ रेषेत मारलाय सरळ. खेळायला बरं आहे, पण देवळालीच्या कुणा साहेबांना दाखवू नका.

शुक्रवारी माझा पुण्यातला भाचा पुढं जाऊन झाडीत लपून बसला आणि हेडफोनवर मला सांगायला लागला, कारण दिसणारा एक आणि मारणारा दुसरा ही जोडी जमल्याशिवाय तोफेला अर्थ नाही. १००० मीटर, ७६४, मारला. "मावशी, पन्नास मीटर कमी पडतोय." पन्नास मीटर म्हणजे १२ मिल, म्हणजे ७५२. मी काय केलं, घाईत १२ वजा करायच्या ऐवजी मिळवले. ७७६. लागोपाठ तीन गोळे सोडले आणि मग पाण्याची बाटली उघडली. गोळे हवेत असतानाच मला कळलं, पण हवेतला गोळा परत कसा बोलवणार? या गेममधे आपल्या गोळ्यानं आपलीच माणसं मरतात, आणि आपली चार पोरं नेमकी त्याच शेतातून पुढं चालली होती. हेडफोनवर आधी शांतता, मग एक अनोळखी मुलगा इंग्लिशमधे जे काही बोलला ते इथं छापता येणार नाही. भाचा म्हणाला, मावशी, तू अकाउंट्समधे आहेस ना?

प्रश्न : माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, फोन आहे, तोही ४ जीबी रॅमचा. काही होईल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स ब्लिट्झ म्हणून फोनवरचा गेम आहे, सात विरुद्ध सात, लढाया छोट्या. ग्राफिक्स खाली आणून बघा, जमावं. तेही नाही चाललं तर वहीचं शेवटचं पान, दहा बाय दहाचे चौकोन, जहाजं लपवायची आणि "क-सात" म्हणून ओरडायचं. आम्ही भूगोलाच्या तासाला हेच खेळायचो आणि त्यालाही रॅम लागत नाही.

प्रश्न : मी मुंबईच्या गोदीत नोकरी केली, आता अलिबागला असतो. नातू तुमचे सदर वाचून दाखवतो. त्याच्या खेळात सगळी जपानी, अमेरिकन जहाजे. आपले काहीच नाही का? आयएनएस दिल्ली मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. आणि आंग्र्यांची गुराबे? – एक आजोबा, अलिबाग

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याच्यावर शनिवार-रविवार दोन्ही गेले.

आधी गुराबं, म्हणजे आंग्र्यांच्या मराठी आरमारातली शिडाची लढाऊ जहाजं. शिडाच्या जहाजांचे गेम्स पुष्कळ आहेत, पण त्यात लढाई म्हणजे कूस समोर करायची आणि बाजूच्या सगळ्या तोफा एकदम उडवायच्या, युरोपातल्यासारखं. गुराबेच्या नाळेवर, म्हणजे नाकावर, पुढं तोंड करून तोफा असायच्या, बूड उथळ, सोबतीला वल्ह्यांची गलबतं, म्हणजे वारा पडला की मोठं इंग्रजी जहाज जागेवर बसलं आणि आपली माणसं वल्ही मारत त्याच्या मागच्या अंगाला, जिथं त्याची एखाददुसरीच तोफ. १७२१ मधे इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून तुमच्या समोरच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. गेमवाल्यांनी असं जहाज नीट केलं तर मी पेटीसुद्धा विकत घेईन.

आता दिल्ली. ती युद्धनौका कशी होती ते गेममधे बघायचं तर मी सोमवारी घेतलेली लिअँडरही चालेल, कारण दिल्ली त्याच वर्गातली. १९४८ मधे आपल्याकडे आली त्याच्या आधी ती अकिलीझ होती, न्यूझीलंडच्या आरमारात. १३ डिसेंबर १९३९ ला सकाळी सव्वासहाच्या सुमाराला दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटच्या तोंडाशी तिनं आणि ब्रिटिशांच्या एजॅक्स, एक्सेटर या क्रूझरनी मिळून जर्मनांच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेला गाठलं. श्पेकडे २८३ मिलिमीटरच्या सहा तोफा, पण टरेट दोनच, आणि समोर तिघं दोन बाजूंनी आलेली. तिनं आधी एक्सेटरला धरलं आणि जवळपास निकामी करून टाकलं, तोवर एजॅक्स आणि अकिलीझ सहा इंची तोफा घेऊन दुसऱ्या बाजूनं टोचत राहिल्या. अकिलीझवर चौघं गेले. श्पे उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या बंदरात शिरली आणि १७ तारखेला तिच्याच कप्तानानं ती बुडवली.

रविवारी आम्ही हे खेळलो. गेममधे ट्रेनिंग रूम असते, आपली आपण लढाई लावता येते. भाच्याकडे ग्राफ श्पे, त्याच्या मित्राकडे एक्सेटर, दुसऱ्या मित्राला लिअँडर देऊन एजॅक्स केलं आणि मी अकिलीझ. लिअँडरला फक्त एपी गोळे, एचई नाहीच, आणि भाचा नाक वळवून तिरका उभा, माझे गोळे टणाटण उडतायत, १५२ भागिले १४.३ म्हणजे साडेदहा, कुठला पत्रा फाटायचा. त्याचं मात्र २८३ भागिले १४.३, पावणेवीस. लिअँडरच्या नाकावरचा पत्रा १६ मिलिमीटर. म्हणजे कोल्हापूरच्या पोराला मी जे तिरकं उभं राहायचं सांगितलं त्याचा मला इथं काडीचा उपयोग नव्हता, एकच उपाय उरला, त्याच्या तोफेतनं जाळ दिसला की सुकाणू फिरवायचं आणि गोळा पोचेपर्यंत तिथं नसायचं. दोनदा वाचले. उजवीकडे, डावीकडे, मधेच वेग कमी, भाचा शिव्या घालतोय (मावशीला जेवढ्या घालता येतात तेवढ्या). तिसऱ्यांदा मी परत उजवीकडेच वळले आणि ते त्यानं ओळखलं. सिटाडेल. तोपर्यंत एजॅक्सवाल्या पोरानं मागनं येऊन टॉर्पेडो सोडले होते, श्पे बुडाली, पण माझ्यानंतर एक मिनिटानं.

नातवाला हेही सांगा, की हीच दिल्ली डिसेंबर १९६१ मधे दीवच्या समोर उभी होती आणि तिच्या सहा इंची तोफांनी पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर मारा केला. १९५० मधे पंडित नेहरू तिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले होते. त्याच दशकात रिव्हर प्लेटच्या लढाईवर इंग्लिश सिनेमा निघाला त्यात अकिलीझचं काम कुणी केलं तर आपल्या दिल्लीनंच, म्हणजे तिनं स्वतःचंच काम केलं. १९७८ मधे ती निवृत्त झाली, तुम्ही गोदीत असालच तेव्हा. जहाज मोडीत गेलं पण एक टरेट आपण न्यूझीलंडला परत दिलं, ते ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नाविक तळावर आहे. माझी एक मावसबहीण ऑकलंडला असते, तिला म्हटलंय जाऊन फोटो काढून पाठव, ती म्हणाली तोफेचा फोटो कशाला हवाय तुला.